ओळीचं टोक

तेव्हा ती साडेतीन वर्षांची असेल. उपासनेत आईबाबांच्या मध्ये, तिसऱ्या बाकावर उभी असायची. म्हणजे बाकावर चढूनच, कारण खाली उभं राहिलं तर पुढच्या बाकाच्या पाठीशिवाय तिला काही दिसत नसे. मी गायनमंडळात असल्यामुळे माझं तोंड मंडळीकडे असतं आणि सगळ्यांचे चेहरे दिसतात.

गीत सुरू झालं की तिचं तोंड उघडायचं, पण आवाज यायचा नाही. शब्द तिला येतच नव्हते. ओळ पुढे सरकत असताना ती ओठ उघडे ठेवून, माझ्याकडे टक लावून थांबायची. ओळीचं शेवटचं अक्षर आलं, सूर लांबला, की त्यात झेप घ्यायची. नुसता 'आऽऽ' किंवा 'ईऽऽ', जे काही त्या अक्षराला असेल ते. समोरच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरलेली असायची की बोटांची पेरं पांढरी पडायची. सूर संपला की पुन्हा थांबायची, तोंड उघडं ठेवून, पुढच्या टोकासाठी. पाच कडव्यांचं गीत होतं आणि एकही ओळ तिने सोडली नाही. आमेन झाल्यावर ती खाली बसली आणि मोठं काम उरकल्यासारखा तिने श्वास सोडला.

ते गीत मी तीस वर्षं गात आले आहे. पुस्तक न उघडता म्हणते. त्या रविवारी ते म्हणताना माझ्या मनात चाललं होतं की दुसऱ्या आवाजातली एक बाई आज आली नाही, तिसऱ्या कडव्यात लय ओढली जाते आहे, आणि उपासनेनंतर कोणाला तरी एक निरोप द्यायचा आहे. सगळे शब्द माझ्या तोंडात होते, आणि मी स्वतः कुठे होते कोण जाणे. त्या मुलीच्या वाट्याला ओळीचं टोक तेवढं आलं होतं, पण त्या टोकाशी ती अख्खी हजर होती.

त्या दिवसापासून मी मुलांकडे बघायला लागले. त्याआधी संडे स्कूलमध्ये कितीतरी वर्षं त्यांना शिकवतच होते, पण बघत होते असं म्हणता येणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. मुलं निष्पाप असतात, देवाघरची फुलं असतात, वगैरे जे आपण म्हणतो ते मला पटत नाही. ज्याने मुलांबरोबर सलग दोन तास काढले आहेत त्याला ते पटणं अवघड आहे. ती चिमटे काढतात, दुसऱ्याचा खडू पळवतात, डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलतात. येशूने बाळक जवळ बोलावून शिष्यांच्या मध्ये उभं केलं ते त्याचा निरागसपणा दाखवायला, असं मला मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात कुठेच दिसत नाही. शिष्यांचा प्रश्न होता, स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण? आणि त्याने उत्तर म्हणून असं कोणीतरी पुढे आणलं, ज्याला त्या काळच्या समाजात काही स्थान नव्हतं आणि ज्याच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

लूकने तर आपल्या शुभवर्तमानात ही गोष्ट फार विचारपूर्वक मांडली आहे. अठरावा अध्याय सलग वाचून बघा. आधी परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, आणि कर गोळा करणारा जकातदार यांचा दाखला आहे, त्यात परूशी देवापुढे उभा राहून हिशेब देतो: आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो. मग लोक बाळकांना येशूकडे आणतात. आणि लगेच तो श्रीमंत अधिकारी येतो, जो म्हणतो की सगळ्या आज्ञा मी तरुणपणापासून पाळल्या आहेत. हिशेब घेऊन आलेली दोन मोठी माणसं, आणि त्यांच्या मधोमध ही बाळकं. लूकने इथे वापरलेला ग्रीक शब्द तान्ह्या मुलांसाठीचा आहे, म्हणजे कडेवरची, धड बोलताही न येणारी. त्यांनी उपास केला नव्हता, दशांश दिला नव्हता, एखादी आज्ञा पाळण्याइतकं वयही झालं नव्हतं. कोणीतरी उचलून आणलं म्हणून ती आली, एवढंच.

मी उपासनेला जाते तेव्हा माझ्या पदराला नेहमी असं काहीतरी बांधलेलं असतं. आठवडा बरा गेला असेल तर त्याचं समाधान, वाईट गेला असेल तर त्याची लाज. समाधान काय आणि लाज काय, दोन्ही हिशेबच. मूल हिशेब आणत नाही. सकाळी मोज्यांवरून रडारड केली, तासाभरात तेच मूल उपासनेत टाळ्या वाजवतं आहे. मोठी माणसं याला विसराळूपणा म्हणतात. मला वाटतं, आपल्याला आत घेतलं जाईल हे त्याने गृहीत धरलेलं असतं, आणि पौल ज्या आत्म्यामुळे आपण 'अब्बा', म्हणजे 'बाबा', अशी हाक मारतो म्हणतो, तो याच्या फार जवळचा असावा.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला जड जातं.

बऱ्याच वर्षांपूर्वी, प्रार्थनेच्या शांत वेळी, मागच्या बाकावर एक तान्हं मूल रडायला लागलं. आई नवखी होती, मंडळीत आणि आईपणातही. तिने दूध पाजून पाहिलं, थोपटून पाहिलं. रडणं थांबेना. मी डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं. एक शब्द बोलले नाही, फक्त बघितलं. पण त्या बघण्यात काय होतं हे तिला कळलं आणि मलाही माहीत होतं. मूल उराशी धरून, मान खाली घालून ती बाहेर गेली. मला शांतता मिळाली आणि मी डोळे मिटून पुन्हा प्रार्थना करू लागले. पुढचे चार महिने ती आली नाही.

मार्क दहाव्या अध्यायात सांगतो की शिष्यांनी मुलं आणणाऱ्यांना दटावलं, आणि ते पाहून येशूला राग आला. 'बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या' हे वाक्य आपण भिंतीवर गोड चित्राखाली लिहितो, पण ते रागाने उच्चारलेलं वाक्य आहे. मार्कने तिथे जे ग्रीक क्रियापद वापरलं आहे त्यात आतून उसळून येणारा संताप आहे, आणि चारही शुभवर्तमानांत येशूविषयी ते फक्त याच ठिकाणी येतं. हेच क्रियापद मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात पुन्हा भेटतं. तिथे मुलं मंदिरात 'दावीदाच्या पुत्राला होसान्ना' असं ओरडत असतात, आणि संताप येतो तो मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना. शब्द एकच. त्याला राग आला मुलांना अडवलं म्हणून, त्यांना राग आला मुलं ओरडली म्हणून. ज्या रविवारी मी त्या आईकडे बघितलं, त्या रविवारी मी कोणाच्या बाजूला उभी होते हे मला वेगळं सांगायला नको.

पुढे मी तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. ती म्हणाली, "ताई, असू दे हो, चुकलं तुमचं नाही." मला तेव्हा जास्त रडू आलं. दोन रविवारांनी ती परत आली आणि मी मागे जाऊन तिच्या बाकावर बसले.

मंदिरातल्या त्या मुलांविषयी आणखी थोडं. त्यांना होसान्ना कोणी शिकवला? मत्तयाचा क्रम पाहिला तर उत्तर सोपं आहे. येशू यरुशलेमात येत असताना रस्त्यावर मोठ्यांचा जमाव हेच ओरडत होता, झाडांच्या फांद्या वाटेवर पसरत होता. मुलांनी ते कानांनी उचललं. मग येशू मंदिरात गेला, सराफांचे चौरंग उलथले गेले, आंधळे आणि लंगडे त्याच्याकडे आले आणि बरे झाले. या सगळ्या गडबडीत मोठ्यांचा जयघोष चालू असल्याचं मत्तय सांगत नाही. मुलांचा मात्र चालूच आहे. जे रस्त्यावर खरं होतं ते मंदिरात खरं का नसावं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि होसान्ना हा मुळात जयजयकाराचा शब्दच नव्हे. एकशे अठराव्या स्तोत्रातली ती हाक आहे, 'आम्हाला तार' अशी. मदतीची हाकच घासून घासून स्तुती झाली. मुलांनी दोन्ही एका दमात म्हटलं. येशूने त्यांची बाजू घेताना आठवं स्तोत्र काढलं: बाळकं आणि तान्ही मुलं यांच्या मुखातून तू स्तुती पूर्ण करवलीस. मूळ हिब्रू स्तोत्रात त्या जागी सामर्थ्य, बळ असा शब्द आहे, आणि मत्तयाने जो ग्रीक पाठ घेतला त्यात स्तुती. मला दोन्ही अर्थ शेजारी शेजारी ठेवायला आवडतात. शत्रूला गप्प करायला देवाने बळ कुठून आणलं, तर अजून धड दात न आलेल्या तोंडातून.

इ.स. ३८०च्या दशकात एजेरिया नावाची एक ख्रिस्ती बाई यरुशलेमला यात्रेला गेली होती. तिथे काय पाहिलं ते तिने आपल्या भगिनींना सविस्तर लिहून कळवलं. त्या लिखाणाची प्रत शतकानुशतकं कोणाला ठाऊक नव्हती. १८८४ मध्ये इटलीतल्या अरेझ्झो इथे ती सापडली. संध्याकाळच्या उपासनेचं वर्णन करताना ती लिहिते की सेवक एकेका माणसाचं नाव घेतो, आणि तिथे उभी असलेली पुष्कळ लहान मुलं प्रत्येक नावाला उत्तर देतात, 'कीरिए एलेइसोन', प्रभू दया कर. त्यांच्या आवाजांची गणती करता येत नाही, असं ती म्हणते. झावळ्यांच्या रविवारच्या मिरवणुकीविषयीही तिने लिहिलं आहे. चालता न येणारी मुलंसुद्धा आईबापांच्या खांद्यांवर बसून, हातांत खजुराच्या आणि जैतुनाच्या डहाळ्या घेऊन डोंगरावरून शहरात येत होती.

मला त्या संध्याकाळची मुलं फार जवळची वाटतात. नाव, प्रभू दया कर. नाव, प्रभू दया कर. मोठ्या माणसाला पाचव्या नावालाच कंटाळा येईल. मुलांना पुनरुक्ती आवडते. तीच गोष्ट पुन्हा सांग म्हणतात, आणि एक शब्द बदलला तर चूक दाखवतात. आपल्याला सारखं नवं गीत लागतं, नवा विचार लागतो, 'आज उपासनेतून काय मिळालं' असं आपण विचारतो. मूल असं विचारत नाही. मागच्या रविवारी जे खरं होतं ते याही रविवारी खरं आहे, याचाच त्याला आनंद असतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, पाच वर्षांचा. वर्गाच्या शेवटी आम्ही गोल करून बसतो आणि ज्याला प्रार्थना करायची तो करतो. हा दर आठवड्याला एकच करायचा: "प्रभू येशू, आजोबांचा खोकला बरा कर. आमेन." आवाज एकच, चाल एकच, डोळे घट्ट मिटलेले. जवळजवळ वर्षभर. मधूनमधून मीच सुचवायची, आज आणखी कशाबद्दल तरी आभार मानू या का? तो मान हलवायचा, नाही. मग आजोबा वारले. पुढच्या रविवारी तो वर्गात येईल असं मला वाटलं नव्हतं, आला तर काय बोलावं याची तयारीही माझ्याकडे नव्हती. तो आला, आपल्या जागेवर बसला. गोल झाला. त्याने डोळे मिटले, थोडा थांबला, आणि म्हणाला, "प्रभू येशू, आजोबांना आता खोकला नाही ना? आमेन."

वर्गात आणखी अकरा मुलं होती. त्यांतली दोघं-तिघं आमेन म्हणाली. मला म्हणता आलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस मी मंडळीपुढे प्रार्थना करायचं टाळलं. मला प्रार्थना चांगली करता येते असं लोक म्हणतात. म्हणजे मला वाक्यं चांगली जुळवता येतात. विनंती कुठे संपते आणि 'तुझी इच्छा होवो' कुठे घालायचं, म्हणजे विनंती मान्य झाली नाही तरी प्रार्थना शोभून दिसेल, हे मला अंगवळणी पडलं आहे. त्या मुलाला ते येत नव्हतं. त्याने मागितलं, मिळालं नाही, आणि तो त्याच दाराशी परत आला. तक्रार घेऊन आला नाही आणि समजूतदारपणाचा आव आणूनही आला नाही. ज्याच्याकडे मागत होता त्याच्याशी त्याचं बोलणं मध्येच तुटलं नव्हतं, म्हणून पुढचा प्रश्न त्यालाच विचारला.

आपल्याकडे एक वाद नेहमी चालतो, मुलांना मोठ्यांच्या उपासनेत ठेवावं की त्यांना पूर्ण वेळ वेगळ्या वर्गात पाठवावं. मी इतकी वर्षं तो वर्ग घेते, तरी माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण वेळ पाठवू नका. रॉबर्ट रेक्सने १७८० मध्ये ग्लॉस्टरला संडे स्कूल सुरू केलं ते आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांना वाचायला शिकवायला, आणि तिथूनही मुलांना चर्चला नेलं जायचं. पवित्र शास्त्रात तर प्रश्नच उद्भवत नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकात मोशे म्हणतो, पुरुष, स्त्रिया आणि मुलंबाळं यांना जमवा. योएल संदेष्टा उपासाच्या सभेला अंगावर पिणाऱ्या मुलांनाही बोलावतो. मुलांना काय कळतं, असं विचारणाऱ्याला मी विचारते, तुम्हाला किती कळलं आहे?

पण मुलं आत राहिली तर त्यांच्याबरोबर त्यांची चुळबुळही आत येणार. चुळबुळ ही उपासनेतला व्यत्यय आहे असं मलाही वाटायचं. आता वाटत नाही. मूल कंटाळलं तर पूर्ण कंटाळतं, बाकाखाली जाऊन आडवं होतं. कान देऊन ऐकत असल्याचा चेहरा करून बसायची कला त्याला अवगत नसते. आणि मग एखादी ओळ, एखादा आवाज, ज्योतीचं हलणं, काहीतरी त्याला पकडतं आणि ते आहे तसं उठून येतं. एकशे एकतिसावं स्तोत्र तीनच वचनांचं आहे. त्यात दूध तुटलेलं बाळक आईपाशी असावं तसा माझा जीव निवांत आहे, असं म्हटलं आहे. दूध तुटलेलं, म्हणजे आता आईकडून त्याला काही ओढून घ्यायचं नाही. भूक नाही, मागणं नाही, तरी मांडी सोडायची नाही. मुलं बाकावर आईच्या अंगावर रेलून, बोट तोंडात घालून, अर्धवट जागी पडलेली असतात ना, ती मला हल्ली प्रवचन ऐकणाऱ्यांइतकीच उपासनेत आहेत असं वाटतं.

ज्याच्या नावावर ते स्तोत्र आहे तोच दावीद राजा देवाच्या कराराच्या कोशापुढे, त्या पवित्र पेटीपुढे, सर्व बळाने नाचला. तागाचं एफोद, म्हणजे याजकांचं वस्त्र, घालून, सगळ्या लोकांदेखत. आणि त्याची बायको, शौल राजाची मुलगी मीखल, खिडकीतून तुच्छतेने बघत होती. खिडकीत उभं राहिलं की सगळं नीट दिसतं, कोण कसा दिसतो, कोण काय म्हणेल. रस्त्यावर असताना ते दिसत नाही. माझ्या आत ती खिडकी कधी उघडली मला आठवत नाही, पण आता ती सतत उघडी असते. मी गाते आणि त्याच वेळी खिडकीतून गाणाऱ्या मला बघते. पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने असं शास्त्र म्हणतं तेव्हा मला माझी हीच अडचण दिसते. माझ्यात भक्ती कमी आहे असं नाही. पण माझ्यातलं एक माणूस कायम खिडकीत असतं, ते खाली रस्त्यावर येत नाही.

मुलांमध्ये ही खिडकी उघडताना मी पाहिली आहे. सात-आठ वर्षांची झाली की दिसतं. ओळीच्या टोकावर झेप घेणारी ती मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा तिला सगळी कडवी पाठ होती, वाचता येत होतं, आवाजही चांगला लागत होता. पण गायच्या आधी ती एकदा डावीकडे बघायची, एकदा उजवीकडे. मैत्रिणी गात असतील तर गायची, तेही हळू. मला पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा एखादं माणूस गावाला गेल्यासारखं वाटलं. तिला काही बोलावं असं मनात आलं होतं. बोलले नाही. काय सांगणार होते? मीच ज्यातून बाहेर आलेली नाही ते?

यंदा माझी आई गेली. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी गायनमंडळात उभी राहिले नाही, तिसऱ्या बाकावर कडेला जागा होती तिथे उभी राहिले. गीत तेच निघालं, पाच कडव्यांचं. घसा असा दाटला होता की पहिला शब्दच निघेना. पुस्तक हातात होतं, पण अक्षरं दिसत नव्हती. ओळ माझ्या बाजूने निघून गेली, आजूबाजूच्या सगळ्यांच्या आवाजात. शेवटच्या अक्षराला सूर लांबला, आणि तेवढ्यात माझं तोंड उघडलं. आवाज फार नव्हता. दुसरी ओळ गेली. तिच्या टोकालाही तसंच झालं.

ती माझ्या शेजारीच उभी होती. आता तिला बाकावर चढावं लागत नाही. सवयीने तिने डावीकडे बघितलं, म्हणजे माझ्याकडे. क्षणभर गायची थांबली. मग तिने आपलं पुस्तक माझ्या बाजूला सरकवलं आणि चालू ओळीखाली बोट ठेवलं.